टॉरचा पहिला रिले: सर्व्हर निवडण्यापासून गार्ड होईपर्यंत

ओळख लपवून इंटरनेट वापरण्यासाठीच्या टॉर ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं की तुमची विनंती तीन अनोळखी यंत्रांतून फिरून जाते. या यंत्रांना रिले म्हणतात. ती टॉर प्रोजेक्टच्या मालकीची नाहीत. कुणी विद्यार्थी, कुणी नेटवर्क सांभाळणारा इंजिनिअर, एखादं विद्यापीठ, एखादी छोटी संस्था अशी मंडळी पदरचे पैसे घालून ती चालू ठेवतात. रोज लाखो माणसं या यंत्रांच्या भरवशावर असतात: सूत्रांचं नाव जपणारा बातमीदार, घरच्यांच्या नजरेआड मदत शोधणारी बाई, सरकारने अर्धं इंटरनेट बंद केलेल्या देशातला कॉलेजचा पोरगा. महिन्याला थोडे पैसे आणि आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं दिलीत तर या साखळीतली एक कडी तुम्हीही होऊ शकता. लिनक्सच्या टर्मिनलची जुजबी ओळख पुरेशी आहे. ज्यांनी आजवर एकही रिले चालवलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी कुठली कडी व्हायचं ते ठरवा

तीन रिलेंची कामं वेगवेगळी आहेत. पहिला, म्हणजे गार्ड, वापरणाऱ्याचा आयपी पत्ता पाहतो, पण तो कुठे चालला आहे हे त्याला कळत नाही. मधल्याला दोन्ही बाजूंना फक्त दुसरे रिले दिसतात. शेवटचा, म्हणजे एक्झिट, कुठल्या साइटवर जायचं ते जाणतो, पण कोण जातंय हे त्याला ठाऊक नसतं. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं एकावर एक एन्क्रिप्शन चढवलेलं असतं आणि प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा एकच पापुद्रा काढतो. ही कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात रुजली. आजच्या टॉरचा कोड २००३ मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला झाला.

नवख्या माणसाने पहिल्यांदा एक्झिट चालवू नये, हे माझं ठाम मत आहे. कारण साधं आहे. समोरच्या साइटच्या नोंदीत एक्झिटचाच आयपी पत्ता उमटतो. कुणी टॉरमधून धमकी पाठवली तर पोलीस त्या पत्त्यावर येतात. मॉस्कोतले गणिताचे शिक्षक दिमित्री बोगातोव घरून एक्झिट चालवत होते. एप्रिल २०१७ मध्ये, दुसऱ्याच कुणाच्या तरी मजकुरावरून, त्यांना अटक झाली. आरोप मागे घेतले जाईपर्यंत २०१८ साल उजाडलं. एक्झिट हवेतच, त्यांच्याविना टॉर चालणार नाही. पण ते काम वकील, तक्रारींना उत्तरं देणारी माणसं आणि समजूतदार होस्टिंगवाला पाठीशी असलेल्या संस्थांनी करावं. घरच्या कनेक्शनवर तर एक्झिट कधीच नको.

आपण करायचा तो एक्झिट नसलेला रिले. तो सुरुवातीला मधल्या कडीचं काम करेल आणि पुढे नेटवर्कचा विश्वास बसला की गार्डही होईल. त्याच्यातून जाणारं सगळं एन्क्रिप्टेड असतं आणि त्याचा पत्ता बाहेरच्या कुठल्याही साइटच्या नोंदीत येत नाही. म्हणूनच अशा रिलेबद्दल तक्रारी सहसा येत नाहीत. भारतात टॉरवर सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. तरी नोकरीच्या अटी किंवा इतर कशामुळे मनात शंका असेल, तर सर्व्हर घेण्याआधी ओळखीच्या वकिलाशी बोलून घ्या.

घरून चालवायचा मोह

घरी फायबर आहे, जुना लॅपटॉप पडून आहे, मग त्यावरच का नको? दोन अडचणी आहेत. पहिली: आपल्याकडच्या कित्येक घरगुती कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळतच नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत कुणी पोचू शकत नाही आणि रिले चालणार नाही. दुसरी अडचण पत्ता मिळाला तरी उरतेच. रिलेंची यादी सार्वजनिक असते आणि काही साइट एक्झिट कोण, मधला कोण असा भेद न करता यादीतले सगळे पत्ते अडवतात. मग आईचं नेटबँकिंग उघडत नाही आणि घरात कुणालाच कारण कळत नाही.

घरूनच काही करायचं असेल तर स्नोफ्लेक घ्या. फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये बसणारं हे छोटं एक्स्टेन्शन आहे. टॉर अडवलेल्या देशातल्या माणसाला तुमचा ब्राउझर टॉरच्या दारापर्यंत नेऊन सोडतो, त्यापुढचा प्रवास नेहमीच्या रिलेंतून होतो. वाटून घेतलेल्या पत्त्यामागूनही हे चालतं आणि तुमचा पत्ता रिलेंच्या यादीत जात नाही. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉर अडवायला सुरुवात केली तेव्हा आणि २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराण पेटला तेव्हा, तिथल्या असंख्य लोकांनी स्नोफ्लेकचाच आधार घेतला. सर्व्हरवर खर्च करायचा नसेल तर एवढं केलंत तरी मोठी मदत होते. पुढचा मजकूर सर्व्हर घेणाऱ्यांसाठी.

सर्व्हर कुठला घ्यावा

भाड्याचा साधा व्हीपीएस, म्हणजे होस्टिंग कंपनीच्या मोठ्या यंत्रातला आपल्यापुरता वेगळा केलेला भाग, पुरतो. टॉर प्रोजेक्टची अपेक्षा अशी: दोन्ही दिशांना किमान १० मेगाबिट वेग, शक्यतो १६ किंवा जास्त, वेग ४० मेगाबिटच्या आत ठेवणार असाल तर ५१२ एमबी रॅम, त्यापुढे १ जीबी, आणि महिन्याला किमान १०० जीबी आत, १०० जीबी बाहेर. २ टीबीच्या पुढची मर्यादा असेल तर उत्तम. डिस्क फारशी लागत नाही.

मर्यादेचा हिशोब आधी करा, कारण इथेच लोक फसतात. होस्टिंगवाला वेग मेगाबिटमध्ये सांगतो आणि टॉरच्या फाइलमधले आकडे सहसा मेगाबाइटमध्ये लिहिलेले असतात. १६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट. हा वेग तीस दिवस अखंड राहिला तर एका दिशेला साधारण ५.२ टीबी होतात, दोन्ही मिळून दहाच्या वर. रिले सतत पूर्ण वेगाने धावत नाही हे खरं, पण हिशोब वाईटात वाईट धरूनच करावा. होस्टिंगवाला फक्त बाहेर जाणारा डेटा मोजतो की दोन्हीकडचा, हेही पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

त्याच पत्रात दुसरा प्रश्न विचारा: टॉरचा एक्झिट नसलेला रिले चालेल का? लेखी ‘हो’ आलं की ते जपून ठेवा. विचारलंत तर नकार येईल या भीतीने न विचारता सुरू करणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाचा सर्व्हर सहाव्या आठवड्यात, रिले नुकता रुळला असताना बंद झाला.

कंपनी निवडताना गर्दी टाळा. हेत्झनर, ओव्हीएच, डिजिटलओशन अशा ठिकाणी रिलेंची आधीच दाटी आहे आणि शक्य तर दुसरीकडे जा असं टॉर प्रोजेक्ट स्वतःच सांगतं. यामागे ठोस कारण आहे. गार्ड आणि एक्झिट दोन्ही एकाच कंपनीच्या केबलवर असतील, तर त्या कंपनीला किंवा तिच्यावर नजर ठेवणाऱ्याला दोन्ही टोकांची रहदारी दिसते. मजकूर वाचता आला नाही तरी किती डेटा कोणत्या क्षणी गेला आणि कोणत्या क्षणी आला, हे जुळवून माणूस ओळखता येतो. म्हणून कमी रिले असलेल्या देशातला, कमी गर्दीच्या नेटवर्कवरचा छोटा रिले मोलाचा ठरतो.

मग भारतातच का नको? इथे डेटा-मर्यादा तपासूनच निर्णय घ्या. शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) आदेशाने व्हीपीएस आणि व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं. काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी त्यानंतर इथले सर्व्हर हलवले. होस्टिंगवाल्याकडे तुमची ओळख राहणार, हे धरूनच चाला. रिले चालवणाऱ्याने तसंही लपून राहायचं नसतं. ओळख जपायची ती वापरणाऱ्याची.

प्रत्यक्ष बसवणी

डेबियनची चालू स्थिर आवृत्ती घ्या. आज्ञा आणि सेटिंगची नावं मी उच्चाराप्रमाणे देतो आहे, टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि आकडेही इंग्रजी घ्यायचे. पहिल्या दिवशी तीन कामं आटपा: एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याची सोय) पासवर्डऐवजी कीने, म्हणजे किल्लीच्या फाइलने, चालू करा, ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज बसवून सुरक्षेचे अपडेट आपोआप येतील असं बघा आणि ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून घड्याळ नेटवरून जुळतंय ना ते पाहा. घड्याळाचं काम क्षुल्लक वाटतं. पण निवडक नऊ-दहा विश्वासू सर्व्हर मिळून टॉरची रिले-यादी दर तासाला मतांनी ठरवतात. तुमचं घड्याळ बरंच चुकलं तर त्यांच्याशी ताळमेळ बसत नाही.

डेबियनच्या स्वतःच्या भांडारातला टॉर कधीकधी मागे राहतो. टॉर प्रोजेक्टचं पॅकेज-भांडार जोडण्याची कृती त्यांच्या संकेतस्थळावर आहे, ती तशीच्या तशी करा आणि मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टॉर’. सोबत त्यांचं कीरिंग पॅकेजही बसवा, म्हणजे सही तपासायची की पुढे बदलली तरी अपडेट अडणार नाहीत.

आता मुख्य फाइल: ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘टॉर’ फोल्डरात ‘टॉरआरसी’. उघडलीत की घाबरू नका. लागणाऱ्या बहुतेक ओळी तिच्यात आधीच आहेत, फक्त पुढे हॅशचं चिन्ह लावून झोपवलेल्या. चिन्ह काढलं की ओळ जागी होते.

‘निकनेम’ म्हणजे रिलेचं नाव. एक ते एकोणीस अक्षरं किंवा आकडे, मध्ये जागा नाही. नमुन्यात जे नाव दिलंय त्याचा अर्थच ‘मी कॉन्फिग बदललेलं नाही’ असा होतो, तेव्हा ते बदलाच. ‘कॉन्टॅक्टइन्फो’ मध्ये खरा, रोज वाचला जाणारा ईमेल द्या. तो जगाला दिसणार, त्यावर कचरा मेल येणार, म्हणून या कामापुरता वेगळा पत्ता काढा. पण रिकामा सोडू नका. रिलेत काही बिघडलं तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांना तुम्हाला गाठता आलं पाहिजे. २०२० मध्ये काही टोळ्यांनी ढीगभर एक्झिट उभे करून लोकांचं एन्क्रिप्शन उतरवायचे प्रकार केले. अशा वेळी प्रामाणिक कोण हे ओळखायला संपर्काचा पत्ता उपयोगी पडतो.

‘ओआरपोर्ट’ म्हणजे दुसरी यंत्रं रिलेशी ज्या पोर्टवर, म्हणजे ज्या क्रमांकाच्या दारातून, जोडली जातात तो. त्यासमोर ४४३ लिहा. पुष्कळ ऑफिसांत आणि कॉलेजांत नेहमीचे एक-दोन पोर्ट सोडून बाकी बंद असतात. ४४३ वरच्या गार्डला तिथली माणसंही पोचू शकतात. त्याच सर्व्हरवर वेबसाइट असेल तर मात्र हा पोर्ट अडलेला असेल, मग ९००१ घ्या. ‘एक्झिटरिले’ समोर शून्य. ही ओळ लिहिली की नाही ते दोनदा बघा, आपण वर जे ठरवलं ते याच एका आकड्यावर उभं आहे. ‘सॉक्सपोर्ट’ समोरही शून्य, कारण या यंत्रावर बसून आपल्याला ब्राउझिंग करायचं नाही.

वेगासाठी ‘रिलेबँडविड्थरेट’ आणि ‘रिलेबँडविड्थबर्स्ट’ या दोन ओळी: पहिली सरासरी वेगाची, दुसरी थोडा वेळ चालणाऱ्या उसळीची. ‘२ एमबाइट्स’ आणि ‘३ एमबाइट्स’ पासून सुरुवात करा. महिन्याची कमाल मर्यादा ‘अकाउंटिंगमॅक्स’ ने घालता येते. मूळ सेटिंगमध्ये हा आकडा प्रत्येक दिशेला वेगळा लागू होतो, म्हणजे १ टीबी लिहिलंत तर आत १ आणि बाहेर १ असे दोन्ही मिळून २ टीबी जाऊ शकतात. मर्यादा संपली की रिले महिनाअखेरपर्यंत झोपतो. मला स्वतःला हे पटत नाही. वीस दिवस जोरात धावून दहा दिवस गायब होणाऱ्या रिलेपेक्षा हळू पण अखंड चालणारा बरा. म्हणून वेग कमी करून मर्यादेत बसवा आणि ‘अकाउंटिंगमॅक्स’ फक्त बिल फुगू नये यासाठी, शेवटचा अडसर म्हणून ठेवा.

फाइल जतन करा आणि फायरवॉलकडे वळा. आधी एसएसएचचा पोर्ट मोकळा करा, मग ४४३. हा क्रम चुकला तर स्वतःच बाहेर राहाल. आता ‘सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट टॉर@डिफॉल्ट’ आणि लगेच ‘सुडो जर्नलसीटीएल -यू टॉर@डिफॉल्ट -एफ’. पडद्यावर ओळी येऊ लागतील. बूटस्ट्रॅप (टॉर नेटवर्कशी पहिली जोडणी) शंभर टक्के झाल्याची ओळ आधी दिसते. आपण वाट बघायची ती तिच्या पुढच्या ओळीची. तुमचा ओआरपोर्ट बाहेरून पोचण्याजोगा आहे असं सांगून टॉर इंग्रजीत ‘एक्सलंट’ म्हणतो आणि रिलेची माहिती प्रसिद्ध करतो.

माझ्या पहिल्या रिलेला ती ओळ आलीच नाही. वीस मिनिटांनी पोर्ट पोचण्याजोगा नसल्याचा इशारा आला. मी सर्व्हरवरची फायरवॉल तीनदा तपासली, पोर्ट ४४३ वरून ९००१ केला, टॉर काढून पुन्हा बसवला. रात्री साडेअकराला होस्टिंगवाल्याच्या वेबपानावर सहज फिरताना ‘नेटवर्क सुरक्षा’ नावाचा टॅब दिसला. तिथे दुसरी फायरवॉल होती आणि तिच्यात एसएसएचचा पोर्ट २२ सोडून सगळं बंद होतं. एक नियम घातला, टॉर पुन्हा सुरू केला आणि दोन मिनिटांत ती ओळ पडद्यावर आली. इशारा दिसला तर आधी हा दुसरा दरवाजा बघा.

किल्ल्या जपा

‘व्हार’ मधल्या ‘लिब’ मधल्या ‘टॉर’ फोल्डरात ‘कीज’ नावाचं फोल्डर तयार झालेलं असेल. रिलेची ओळख म्हणजे या किल्ल्या. सर्व्हर बिघडला किंवा होस्टिंग बदललं तरी याच किल्ल्या नव्या यंत्रावर ठेवल्या की रिले आपलं नाव आणि कमावलेला विश्वास घेऊन परत उभा राहतो. नाहीतर पुन्हा शून्यापासून. पहिल्याच दिवशी त्या एन्क्रिप्ट करून आपल्या संगणकावर उतरवा. नव्या यंत्रावर ठेवताना फाइलींची मालकी ‘डेबियन-टॉर’ या वापरकर्त्याकडे असली पाहिजे. आणि एकाच किल्ल्यांवर दोन यंत्रं एकदम चालवू नका.

पहिले दोन महिने

तीनेक तासांत टॉर मेट्रिक्सच्या ‘रिले सर्च’ पानावर तुमच्या रिलेचं नाव दिसेल. आणि मग काहीच घडणार नाही. रहदारीचा आलेख जमिनीला चिकटलेला राहील. नवखे लोक इथेच ‘माझंच काही चुकलं’ म्हणत सेटिंग बदलत बसतात किंवा सर्व्हर सोडून देतात. चुकलेलं काही नसतं.

पहिले तीनेक दिवस नेटवर्कने तुमचा वेग मोजलेलाच नसतो, म्हणून अगदी थोडी रहदारी येते. पुढे मोजणारे सर्व्हर तुमच्यातून डेटा पाठवून वेग तपासतात आणि आलेख हळूहळू वर सरकतो. साधारण आठव्या दिवसानंतर, रिले स्थिर आणि पुरेसा वेगवान असेल तर त्याला गार्डचं निशाण मिळतं. आणि नेमकी त्याच वेळी रहदारी घसरते. माझ्या आलेखावर चढत आलेली रेष एका दुपारी निम्म्यावर आली, तेव्हा मीही हादरलो होतो. कारण असं: निशाण मिळालं की वापरणाऱ्यांचे टॉर तुम्हाला मधल्या कडीसाठी कमी निवडतात, गार्ड म्हणून राखून ठेवतात. पण लोक आपला गार्ड महिनोन्‌महिने बदलत नाहीत, त्यामुळे नवे लोक थेंबाथेंबाने येतात. दुसरा महिना संपता संपता रेष पुन्हा वर चढते. तोवर विनाकारण रिस्टार्ट करू नका, कारण दरवेळी चालू जोडण्या तुटतात.

नंतरची देखभाल थोडी आहे. आठवड्यातून एकदा ‘रिले सर्च’ बघा, लॉगमधल्या इशाऱ्यांवर नजर टाका, टॉरची आवृत्ती जुनी नाही ना ते तपासा. २०१९ मध्ये मुदत संपलेल्या आवृत्त्यांवर चालणारे शेकडो रिले नेटवर्कने बाहेर काढले होते, त्यांतले बरेच चांगल्या हेतूने सुरू करून विसरून गेलेले असावेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. लॉगची पातळी ‘नोटिस’ वरच राहू द्या, त्यापेक्षा तपशीलवार करू नका. उत्सुकतेपोटीही रिलेतून जाणारी पॅकेटं पकडून पाहू नका. मजकूर वाचता येणार नाही, पण गार्ड झाल्यावर माणसांचे आयपी पत्ते तुमच्या यंत्रावर येतात. ते तुमच्या डिस्कवर उतरले की उद्या कुणीही मागू शकतं. जे आपल्याकडे नाहीच ते देता येत नाही.

वर्षभरानंतर दुसरा रिले सुरू करावासा वाटला तर दोन्ही रिलेंना ते एकाच घरचे आहेत हे सांगावं लागतं. यासाठी प्रत्येकाच्या टॉरआरसीमध्ये ‘मायफॅमिली’ ही ओळ असते, तिच्यात दुसऱ्याचा फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीवरून बनलेला त्याचा ओळख-क्रमांक, लिहायचा. टॉरच्या ०.४.९ पासून हेच काम फॅमिलीच्या वेगळ्या किल्लीने करता येतं. ही ओळ असली की कुणाचाही टॉर एकाच प्रवासात तुमचे दोन्ही रिले घेत नाही. ती राहून गेली, तर एखाद्या अनोळखी माणसाच्या वाटेवरच्या तीनपैकी दोन कड्या तुमच्या एकट्याच्या हातात येतील आणि त्याला ते कधी कळणारही नाही.